हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) ताणली की अर्धा तास बरं, मग कंबर पुन्हा तशीच. चुकतंय कुठे?

व्यायामवही

माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या एकांबद्दल विचारायचं आहे. वय 48, दिवसाला आठ-नऊ तास बसून काम. कंबरदुखी दोन वर्षं जुनी. गेल्या सात-आठ महिन्यांत उजवा गुडघाही धरला आहे, विशेषतः जिना उतरताना वाटीच्या मागे कळ येते. डॉक्टरांनी तपासलं आहे. एमआरआयमध्ये एल-4 आणि एल-5, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधली गादी थोडी फुगलेली दिसते. ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा, एवढं सांगितलं.

दुखण्याची तऱ्हा अशी: सकाळी मोजे घालताना आणि बेसिनवर वाकताना सर्वात जास्त. बराच वेळ बसलं की वाढतं, चाललं की मोकळं होतं. कधीकधी कळ उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरते, पण गुडघ्याखाली जात नाही. पुढे वाकलं तर बोटं जेमतेम गुडघ्याच्या चार बोटं खाली पोचतात, म्हणून हॅमस्ट्रिंग आखडलेल्या आहेत असं गृहीत धरलं.

सध्याचा क्रम: उठल्याउठल्या पाय पसरून पुढे वाकणं (2 मिनिटं, 3 वेळा), दोन्ही गुडघे छातीशी घेणं, 20 सिट-अप्स, आणि उभं राहून टाच कुल्ल्याला लावून मांडीचा पुढचा भाग ताणणं. लगेच बरं वाटतं, अर्ध्या तासात जैसे थे. तीन महिने झाले, बोटं आहेत तिथेच आहेत. ताण देणं थांबवावं का? त्याऐवजी काय आणि किती? आणि कंबर नि गुडघा एकाच वेळी हाताळता येतात का, की आधी एक, मग दुसरं?

पाठकणा

तुमच्या क्रमातले पहिले तिन्ही व्यायाम कण्याला पुढे वाकवतात, आणि तेही उठल्याउठल्या. त्यांची तक्रार कसली? पुढे वाकल्यावर आणि बसल्यावर दुखण्याची. म्हणजे दुखऱ्या दिशेनेच रोज सकाळी कंबर रेटली जाते आहे.

सकाळची वेळ मुद्दाम सांगतो. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटीमीटर उंच असतो तो यामुळेच. फुगलेली गादी ताठ असते, वाकताना तिच्यावर ताण जास्त पडतो. उभं राहून हिंडलं-फिरलं की तासाभरात बरंच पाणी उतरतं. म्हणून उठल्यावर पहिला तास कमरेतून वाकायचं नाही. मोजे घालायचे तर पाय स्टुलावर ठेवून, तोंड धुताना एक हात बेसिनच्या कडेला टेकून आणि गुडघे किंचित मोडून. एवढ्या एका बदलाने काहींचं दुखणं ठळकपणे कमी होतं.

आता हॅमस्ट्रिंग. तीन महिने ताणूनही लांबी वाढली नाही, तर ती मुळात स्नायूची आखडण आहे का ते तपासा. खुर्चीवर बसवा, हात पाठीमागे, पाठ गोल, हनुवटी छातीला. आता उजवा गुडघा सरळ करायला सांगा. मांडीमागे ताण आला की पाय तिथेच थांबवून फक्त मान वर करायला लावा. मान वर करताच ताण सैल पडला आणि गुडघा आणखी सरळ झाला, तर तो ताण मज्जातंतूचा. मांडीचा स्नायू डोक्याला जोडलेला नाही, मज्जासंस्था मात्र डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सलग आहे.

चिडलेल्या मज्जातंतूला धरून ताणणं म्हणजे जखम खाजवत राहणं. तात्पुरतं बरं वाटतं कारण ताणाची संवेदना काही वेळ दुखण्यावर मात करते, पण तंतू चिडलेलाच राहतो आणि शरीर मांडीचे स्नायू पुन्हा आवळून धरतं. त्याला नुसतं मागेपुढे सरकू द्यायचं: ताठ बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा मोडताना हनुवटी खाली. दोन्ही हालचाली एकदमच. शेवटाला थांबायचं नाही, ताण येण्याच्या थोडं आधीच परत फिरायचं. 10 ते 12 वेळा, दिवसातून दोनदा. मुंग्या आल्या तर हालचाल निम्मी करा.

दुसरी चाचणी दिशेची. पालथं झोपवून 2 मिनिटं नुसतं पडू द्या, मग 2 मिनिटं कोपरांवर. चाललं तर तळहात खांद्याजवळ ठेवून हात सरळ करत छाती उचलायची, कंबर आणि कुल्ले पूर्ण ढिले, ओटीपोट जमिनीकडे लोंबू द्यायचं. 10 वेळा. भुजंगासनात पाठीचे स्नायू काम करतात, इथे सगळं काम हातांचं. लक्ष एकाच गोष्टीवर ठेवा: दुखणं कुठे सरकतं. मांडीतलं कुल्ल्यात आणि कुल्ल्यातलं कमरेच्या मध्यावर आलं तर ही दिशा बरोबर, मग कमरेत थोडं जास्त दुखलं तरी चालेल. उलट पायात खाली उतरलं तर तिथेच थांबवा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांनी ही पद्धत रुजवली, आणि तिची गोम या सरकण्यातच आहे. नुसतं 'मागे वाका' असं ती सांगत नाही.

कारण उलट्या दिशेची माणसंही असतात. वय जास्त, चालताना किंवा उभं राहिल्यावर पाय भरून येतात, बसलं किंवा पुढे झुकलं की मोकळे होतात, अशांच्या कण्यातली जागा अरुंद झालेली असू शकते. त्यांना गुडघे छातीशी घेणंच मानवतं आणि पालथं उचलणं त्रास देतं.

एक गोष्ट घासाघीस न करता: लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, दोन्ही मांड्यांच्या मधला बसण्याचा भाग बधिर होणं, पाऊल उचलता न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी रुग्णालय. ताप, कारणाशिवाय उतरलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल तर आधी डॉक्टर.

खुबा_आधी

वरच्याशी सहमत. फक्त दिशा सापडली की काम संपलं असं समजू नका. दुखणं मध्यावर आलं तरी त्या माणसाची वाकण्याची सवय तीच राहते आणि कण्याला सांभाळणारे स्नायू लवकरच दमतात. ताकदीपेक्षा तग धरण्याचा प्रश्न जास्त असतो.

सिट-अप्स आजच बंद करा. प्रत्येक सिट-अपला कमरेच्या मणक्यांवर तीन हजार न्यूटनच्या वर (सुमारे तीनशे किलो वजनाइतका) दाब पडतो, शिवाय कणा वाकलेल्या अवस्थेत. त्यांच्या जागी कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅक्गिल यांचे तीन व्यायाम. सगळीकडे प्रसिद्ध आहेत आणि बहुतेक ठिकाणी चुकीचे केले जातात, म्हणून बारकाईने लिहितो.

पहिला, अर्ध-उचल. उताणं झोपून एक गुडघा मोडलेला, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीखाली. ती पोकळी जपायची आहे, हातांवर कंबर दाबून सपाट करायची नाही. डोकं, मान आणि खांदे एका तुकड्यासारखे उचलायचे, तेही इतकेच की डोक्याखाली वजनकाटा असता तर तो शून्यावर आला असता. बघणाऱ्याला काहीच हललं नाही असं वाटलं पाहिजे. नेहमीची चूक म्हणजे हनुवटी छातीत खुपसणं. मग मान दुखते आणि पोट रिकामंच राहतं.

दुसरा, कुशीवरचा पूल. सुरुवात गुडघ्यांवरून. कोपर बरोबर खांद्याखाली, मोकळा हात विरुद्ध खांद्यावर. कुल्ले उचलताना नुसते वर नाही, वर आणि पुढे, म्हणजे गुडघा, खुबा आणि खांदा एका रेषेत येतात. खांदा कानाकडे बुडाला की वजन सांध्यावर लोंबतं आणि दुसऱ्या दिवशी खांदा बोलतो. ज्यांचा खांदा आधीच दुखरा आहे त्यांनी भिंतीला कोपर टेकून उभ्यानेच करावा.

तिसरा, हात-पाय उचल. हात आणि गुडघ्यांवर ओणवं होऊन उजवा हात पुढे, डावा पाय मागे. पाय वर उचलू नका, टाच मागच्या भिंतीला ढकलताय असं समजा. वर उचलला की कंबर खचते आणि व्यायामाचा उद्देशच उलटतो. मूठ घट्ट आवळली की पाठीचा वरचा भाग जागा होतो. कमरेवर आडवी काठी ठेवा, ती घरंगळली तर ओटीपोट एका बाजूला कललं आहे.

प्रत्येक व्यायामात थांबणं फक्त 10 सेकंद, श्वास चालू. जास्त वेळ धरून ठेवलं तर स्नायू दमून आकार बिघडतो, आणि बिघडलेल्या आकाराचाच सराव होतो. प्रत्येक बाजूला 6 वेळा, थोडी विश्रांती, मग 4, मग 2. सोपं वाटू लागलं की वेळा वाढवा, 8-6-4 करा. सेकंद वाढवू नका. हे रोज चालतं.

याबरोबर खुब्यातून वाकायला शिकवा. पाठीवर उभी काठी धरायची. डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांची मधली जागा आणि कमरेखालचं हाड, या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे. गुडघे किंचित मोडून कुल्ले मागे सारायचे, मागच्या दाराला कुल्ल्याने धक्का दिल्यासारखे. तीनपैकी एकही टेकू सुटला की तिथेच थांबून परत. 10 वेळा, दिवसातून दोनदा. बूट, बादली, पिशवी, काहीही उचलताना हीच हालचाल. तासभर व्यायाम करून उरलेल्या पंधरा तासांत कमरेतून वाकणाऱ्याला कुठलाच तक्ता वाचवत नाही.

ताण पूर्ण सोडू नका, जागा बदला. आठ-नऊ तास बसणाऱ्याच्या खुब्याचा पुढचा भाग बऱ्याचदा खरंच आखडलेला असतो. उजवा गुडघा जाड उशीवर टेकवून डावं पाऊल पुढे. आता पुढे झुकायच्या आधी उजवा कुल्ला आवळा आणि जणू पट्ट्याचं बक्कल वर उचलताय असं ओटीपोट फिरवा. बहुतेकांना एवढ्यातच जांघेत ताण लागतो. मग दोन-तीन सेंटीमीटर पुढे सरका, बस. 30 सेकंद, प्रत्येक बाजूला 2 ते 3 वेळा. यापेक्षा जास्त वेळ धरून फारसं काही हाती लागत नाही. ताण कमरेत जाणवला तर ओटीपोट सुटलं आहे, पुन्हा पहिल्यापासून. गुडघा टेकवून दुखत असेल तर पलंगाच्या कडेला उताणं झोपून एक पाय खाली सोडायचा आणि दुसरा गुडघा हातांनी छातीशी अडवायचा.

जाता जाता: ज्यांचे कोपर आणि गुडघे मागच्या बाजूला वाकतात, पाय ताठ ठेवून तळहात सहज जमिनीला टेकतात, त्यांना ताण देऊच नका. गंमत म्हणजे ताण सगळ्यात आवडतो तो त्यांनाच.

वाटीखालचा

गुडघ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कंबर आणि गुडघा एकदमच घ्या, कारण दोघांच्या मध्ये खुबा आहे. तो काम करत नसेल तर वरचा आणि खालचा दोघेही त्याचं ओझं वाहतात.

आरशासमोर उजव्या पायावर उभं करून थोडंसं बसायला लावा, पाव बैठक. गुडघा आत, अंगठ्याच्याही आत कलतो का? डावा कुल्ला खाली पडतो का? मग घोटा पाहा. भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा, आणि अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो ते मोजायचं. 10 सेंटीमीटरच्या आसपास असावं. खूप कमी असेल किंवा दोन्ही बाजूंत 2-3 सेंटीमीटरहून जास्त फरक असेल, तर जिना उतरताना घोटा वाकत नाही, पाऊल आत कोसळतं आणि गुडघा त्याच्यामागे जातो.

टाच कुल्ल्याला लावून मांडी ताणणं सध्या बंद. गुडघा पूर्ण मोडला की वाटी तिच्यामागच्या मांडीच्या हाडावर दाबली जाते, आणि तीच तर दुखते आहे. शिवाय बहुतेक जण ते करताना कंबर पुढे काढतात. वर सांगितलेला गुडघा टेकवून द्यायचा ताण पुरेसा आहे.

पहिले दोन आठवडे: भिंतीला पाठ लावून अर्धवट बसणं, गुडघा 60 अंशांपेक्षा जास्त न मोडता, 30 ते 45 सेकंद, 5 वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती. सांधा न हलवता स्नायूला काम मिळतं, म्हणून दुखऱ्या गुडघ्याला हे सहसा सोसतं. त्याबरोबर कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. यात सगळेच फसतात: पाय हळूहळू पुढे येतो आणि खुब्याच्या बाजूऐवजी पुढचा स्नायू काम करतो. पाठ आणि टाच भिंतीला लावून झोपवा, टाच भिंतीवरून घासत वर न्यायची, बोटं जराशी जमिनीकडे. 12 वेळा, 2 फेऱ्या. कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात जळजळ झाली पाहिजे. जांघेत झाली तर चुकलं.

तिसऱ्या आठवड्यापासून खुर्चीवरून उठणं-बसणं, बसताना मनात तीन मोजत, 10 वेळा, 3 फेऱ्या, दिवसाआड. जमलं की पायरी. 10 सेंटीमीटर उंचीच्या फळीवर दुखऱ्या पायाने उभं राहून दुसऱ्या पायाची टाच समोर जमिनीला फक्त टेकवायची, वजन न देता. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. 8 वेळा, 2 फेऱ्या. नेहमीच्या पायरीची उंची सगळ्यात शेवटी.

कटकट आवाजाला घाबरू नका, दुखत नसेल आणि सूज नसेल तर तो निरुपद्रवी. गुडघा अडकून बसत असेल, अचानक लुळा पडत असेल, सुजून गरम होत असेल तर मात्र आधी तपासणी. आणि वजन जास्त असेल तर, झिजलेल्या गुडघ्यांच्या अभ्यासात असं दिसलं आहे की 1 किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने घटतो.

व्यायामवही

सगळ्यांचे आभार. चाचण्या करून पाहिल्या. बसून केलेल्या चाचणीत मान वर करताच उजवा गुडघा बराच आणखी सरळ झाला. पालथं उचलण्याच्या दहा वेळांनंतर मांडीतली कळ कमरेच्या मध्यावर आली, आणि लगेच उभं राहून वाकायला सांगितलं तर बोटं आधीपेक्षा खाली गेली, एकही हॅमस्ट्रिंग न ताणता! गुडघा आत कलतो. घोटा उजवीकडे 5 सेंटीमीटर, डावीकडे 9.

हे सगळं दिवसात बसवायचं कसं? सलग पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ त्यांच्याकडे नाही. आणि व्यायाम करताना किती दुखलेलं चालतं?

पाठकणा

छान, चित्र स्पष्ट झालं.

सकाळी व्यायाम नको. उठून तासभर हालचाल, वाकणं नाही. पालथं उचलणं दर दोन-तीन तासांनी 10 वेळा. कामावर झोपता येत नसेल तर उभं राहून हात कमरेवर ठेवून मागे झुकावं, 10 वेळा, दीड मिनिटाचं काम आहे. अर्ध्या-पाऊण तासाने खुर्चीतून उठणं याच्या बरोबरीने. संध्याकाळी सलग सत्र: 5 मिनिटं चालणं, मांजरीसारखी पाठ वर-खाली 6-7 वेळा (ताण नाही, फक्त तेल घातल्यासारखं), मॅक्गिलचे तीन, मग गुडघ्याचे दिवसाआड. ज्या दिवशी गुडघ्याचे नाहीत त्या दिवशी खुब्याचा पुढचा भाग आणि पोटरी.

पोटरीचा ताण गुडघा मोडून द्या. गुडघा सरळ ठेवला तर वरचा स्नायू ताणला जातो, मोडला की खालचा, आणि जिना उतरताना अडतो तो खालचा. 30 सेकंद, 3 वेळा, उजव्या बाजूला एक जास्त. ताण घोट्याच्या मागे न जाणवता पुढे चिमटा बसल्यासारखं वाटलं तर जोर करू नका, तिथे सांधा अडतो आहे, तो हाताने सोडवणारा लागतो.

दुखण्याचं माप: 0 ते 10 मध्ये गुडघ्याला 3-4 पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर व्यायाम बदलू नका, मात्रा तिसऱ्या हिश्शाने कमी करा. कमरेचा नियम वेगळा: आकडा कितीही छोटा असो, दुखणं पायात खाली जाऊ लागलं की थांबायचं.

साधारण तिसऱ्या आठवड्यात घोळ होतो. बरं वाटतं, माणूस सगळं दुप्पट करतो किंवा सगळं सोडतो. तग वाढायला सहा-आठ आठवडे लागतातच. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, म्हणजे काही दुखावलं तर कशाने ते कळेल.

आणि पुढे वाकणं कायमचं बंद नाही, हे त्यांना आजच सांगून ठेवा. दोन-तीन आठवडे मांडीत कळ आली नाही की उताण्याने गुडघे छातीशी घेणं 5-6 वेळांपासून पुन्हा सुरू करा, दुपारनंतर, आणि लगेच त्यामागे पालथं उचलणं. वाकायची भीती घेऊन बसलेली कंबर दुखऱ्या कमरेइतकीच ताठ होते.

अर्धा_तास

दोन पुरवण्या. एमआरआयमधली फुगलेली गादी त्यांच्या मनावर बसू देऊ नका. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांपैकी सुमारे 60 टक्क्यांच्या चित्रात फुगलेली गादी दिसते. अहवाल खोटा नाही, पण एकट्या अहवालावरून दुखण्याचं कारण ठरत नाही.

दुसरं, सकाळच्या ताठरपणाचा वेळ विचारा. काही मिनिटांत सुटत असेल तर वर लिहिलेलं सगळं लागू. अर्ध्या तासाहून जास्त राहत असेल, पहाटे दुखून जाग येत असेल, विश्रांतीने वाढत आणि हालचालीने कमी होत असेल, आणि हे चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालं असेल, तर तो दाहाचा संधिवात असू शकतो. तुमच्या गृहस्थांना चालल्यावर बरं वाटतं एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही, त्यांचं वाकल्यावर दुखणं वेगळी दिशा दाखवतं. पण सुरुवात केव्हा झाली ते एकदा विचारून घ्या. संधिवाताला व्यायाम लागतोच, पण औषधाशिवाय नुसता व्यायाम पुरत नाही.

व्यायामवही

विचारलं. पाच-सात मिनिटांत सुटतं, आणि सुरुवात सेहेचाळिसाव्या वर्षी. आता एकच अडलंय: काठीचा तिसरा टेकू माकडहाडावर घ्यायचा का? त्यांची काठी तिथून सारखी घसरते.

खुबा_आधी

माकडहाड नाही, त्याच्या वरचं सपाट त्रिकोणी हाड, दोन्ही कुल्ल्यांच्या फटीच्या सुरुवातीला लागतं ते. कमरेच्या पोकळीत काठी आणि पाठ यांच्यामध्ये तळहात जेमतेम सरकेल एवढी जागा हवी. मूठ जात असेल तर कंबर जास्त आत घेतली आहे, बोटंही जात नसतील तर गोल झाली आहे. घसरत असेल तर गोल काठीऐवजी चपटी पट्टी वापरा.